इसार देऊन फ्लॅट बांधून ठेवायचा आणि करार पुढच्याला द्यायचा: मुंबईत हे कसं करतात?

रोहन_मुलुंड

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण कृपया पूर्ण वाचून सांगा.

मी बँकांच्या होम लोनच्या फाइली गोळा करण्याचं काम करतो, मुलुंड ते ठाणे. रोज दोन तऱ्हेची माणसं भेटतात. काहींचं लोन मंजूर झालेलं असतं, पण मनासारखी जागा मिळत नाही. काहींना जागा विकायची असते, पण बघायला येणाऱ्यांची रांग आणि एजंटचे फोन यांना ती कंटाळलेली असतात. गेले काही महिने मी अमेरिकेतल्या ‘होलसेलिंग’चे व्हिडिओ बघतोय. तिथे घर न घेताच घराचा करार विकतात. मालकाशी एका भावाला करार करायचा, थोडी अनामत द्यायची, मुदत घ्यायची. त्या मुदतीत खरा घेणारा शोधून करारातली आपली जागा त्याला द्यायची. मधला फरक आपला, त्याला म्हणतात असाइनमेंट फी.

आता माझ्या समोरचा व्यवहार. मिठागर रोडला आईच्या ओळखीच्या एक काकू राहतात, वय सत्तरीच्या पुढे. वन बीएचके, ३८५ चौरस फूट कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, १९८३ची सोसायटी. मुलगा पुण्याला, मुलगी बडोद्याला. गुडघ्यांमुळे जिना होत नाही म्हणून जागा विकून मुलाकडे जायचं म्हणतात. त्यांना हातात ९० लाख हवेत. माझ्या फाइलींमध्ये भांडुपला भाड्याने राहणारं एक कुटुंब आहे. लोन मंजूर, मुलीची शाळा मुलुंड पूर्वेला. त्यांना ही जागा ९८पर्यंत झेपते.

मनात असं आहे की काकूंना एक लाख रोख इसार द्यायचा, ९० दिवसांची मुदत घ्यायची आणि ५००च्या स्टॅम्पपेपरवर साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोटरी करून घ्यायचं. त्यात ‘खरेदीदार किंवा खरेदीदार सुचवेल ती व्यक्ती’ असं लिहायचं. मग भांडुपच्या कुटुंबाला तो करार आठ लाख घेऊन द्यायचा.

हे कायद्यात बसतं का? एक लाखाच्या इसारावर माझा असा काही हक्क तयार होतो का, जो मी विकू शकेन? आणि काकूंना ९८चा आकडा सांगावा लागतो का? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कागद कसे केले ते सांगा.

लालबागचा_एजंट

रोहन, तू सांगतोयस ते इथे नवीन नाही. ‘तुम्ही नेट सांगा, वरचं माझं’ ही बोली नाक्यानाक्यावर ऐकू येते. पण वरचं घेणाराही सहसा स्वतःच्या नावावर साठेखत करत नाही. त्यात पैसा अडकतो आणि सौदा फिसकटला तर दोन्ही बाजू त्याच्याच दारात येतात.

माझं ऐकशील तर सरळ दलाली घे. काकूंकडून एक टक्का, घेणाऱ्याकडून एक टक्का. ९८ला सौदा झाला तर १ लाख ९६ हजार होतात, तेही स्वतःचा एक रुपया न गुंतवता. शिवाय दोन घरांत तुझं नाव राहतं. इमारत जुनी आहे, बिल्डर विकत नाहीये, त्यामुळे या सौद्याला महारेराची (राज्याच्या घरबांधणी नियामकाची) एजंट नोंदणी लागत नाही. नव्या प्रकल्पातले बिल्डरचे फ्लॅट दाखवायला लागलास तर मात्र आधी प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी कर. विनानोंदणी सापडलास तर दंड दिवसाला दहा हजार आहे.

पागडीच्या (ठोक रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या) खोल्यांत असला प्रकार चुकूनही करू नकोस. आमच्या भागात मधली माणसं खोलीचा ‘हक्क’ विकायला निघतात आणि घरमालकाला पत्ताच नसतो. मालकाने भाडेपावती नव्या माणसाच्या नावावर केल्याशिवाय त्या हक्काला काही अर्थ नाही, आणि तो सहसा तिसरा हिस्सा मागतो. इसार देऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पावती झाली नाही आणि इसारही परत आला नाही.

अनघा_ऐरोली

मी ऐरोलीला एका ऑफिसात अमेरिकन टायटल कंपन्यांसाठी (मालकी तपासून सौदा पुरा करून देणाऱ्या) मालमत्तांचे शोध-अहवाल तयार करते. होलसेलिंगच्या फाइली आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून व्हिडिओत सहसा न सांगितलेला भाग लिहिते.

तिथल्या करारात खरेदीदाराच्या नावापुढे ‘अँड ऑर असाइन्स’ (आणि/किंवा तो ज्याला करार देईल तो) असे शब्द असतात, त्यावर सगळा डोलारा उभा असतो. मालकाने ते लिहून दिलं म्हणजे करार पुढे द्यायला त्याने मान्यता दिली. पुढे देण्याचा कागद एक-दोन पानांचाच असतो. पण शेवटी सह्या आणि पैसे टायटल कंपनीमार्फत होतात, आणि तिच्या हिशोबाच्या पत्रकात असाइनमेंट फी वेगळ्या ओळीत येते. ती बघून मालक किंवा घेणारा भडकला आणि सौदा अडकला, असंही होतं. म्हणून काही जण आकडा दिसू नये यासाठी एकाच दिवशी दोन खरेद्या करतात. मालकाकडून स्वतः घ्यायचं आणि तासाभरात पुढच्याला विकायचं, मधल्या वेळेपुरते पैसे उसने आणून. त्याचा खर्च दुप्पट.

दुसरं म्हणजे बाहेर पडायची वाट. करारात घर तपासण्यासाठी ठरावीक दिवस ठेवलेले असतात आणि तेवढ्यात घेणारा मिळाला नाही तर तपासणीचं कारण देऊन होलसेलर करार सोडतो. मालक तोवर थांबलेला असतो. काही जण तर कराराची नोंद काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) दप्तरात करून ठेवतात. मग मालक दुसऱ्याला विकायला गेला की आमच्या अहवालात ती नोंद निघते आणि ती काढून घेण्यासाठी त्याला याच माणसाकडे जावं लागतं. अशा फाइलींवर मालकांची वयं दिसतात. बरेचसे म्हातारे, नाहीतर वारसाहक्काने घर मिळालेले आणि दूर राहणारे.

यामुळेच तिथे एकेक राज्य नियम करत गेलं. टेक्सासने २०१७मध्ये सांगितलं की तू घर विकत नाहीस, करारातला हक्क विकतोयस, हे समोरच्याला आधी सांग. इलिनॉयने २०१९मध्ये वर्षभरात एकाहून जास्त असे व्यवहार करणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. ओक्लाहोमाचा कायदा २०२१चा. पेनसिल्व्हेनियाने २०२४मध्ये कायदा केला, तो जानेवारी २०२५पासून लागू आहे. तिथे परवाना लागतो आणि मालकाला करार रद्द करायचा अधिकारही मिळालाय. रोहन, तुझ्यापर्यंत आलेले व्हिडिओ कधीचे आणि कुठल्या राज्यातले आहेत ते बघ.

सुलभाताई

रोहन, मी मुलुंडलाच एका वकिलांकडे दस्तांचे मसुदे करते, बरीच वर्षं. तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. काकूंना आकडा सांग. आपल्याकडे हा व्यवहार नीट कागदावर करायचा तर तो आकडा त्यांच्या सहीच्या दस्तातच येतो, आणि तो येऊ नये म्हणून जे मार्ग काढले जातात ते सगळे तुला गोत्यात आणणारे आहेत.

तू साठेखत केलंस की घरात तुझा काही वाटा आला, असं तू धरून चालला आहेस. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचं कलम ५४ वाच. विक्रीच्या नुसत्या कराराने त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध किंवा बोजा निर्माण होत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. अमेरिकेत करार झाल्याबरोबर खरेदीदाराकडे एक प्रकारची अर्धी मालकी आली असं मानतात, होलसेलर तीच विकतो. आपल्याकडे ती नाही. तुझ्याकडे येतो तो काकूंनी कबूल केलेलं पुरं करावं असं मागण्याचा अधिकार. घर काकूंचंच राहतं.

तो मागण्याचा अधिकार पुढे देता येतो, हे खरं. १९६२च्या खर्डा कंपनीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फरक सांगितलाय: करारातले हक्क दुसऱ्याला देता येतात, जबाबदाऱ्या समोरच्याच्या संमतीशिवाय देता येत नाहीत. काकूंना ९० लाख वेळेत देणं ही तुझी जबाबदारी. ती भांडुपच्या कुटुंबावर टाकायला काकूंची संमती हवी. ‘खरेदीदार सुचवेल ती व्यक्ती’ या ओळीने ती मिळाली असं तू म्हणशील. पण त्या ओळीचा अर्थ काकूंना कोणी समजावला होता, हा प्रश्न त्यांच्या मुलाचा वकील पहिल्या नोटिशीतच विचारेल.

याहून मोठी अडचण तुझ्यासारख्या मुलांना कोणी सांगतच नाही. समजा काकू फिरल्या, तू कोर्टात गेलास. करार पुरा करून मागणाऱ्याला दाखवावं लागतं की मी माझी बाजू पुरी करायला सुरुवातीपासून तयार होतो आणि तशी माझी ऐपत होती. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम १६. तुझं बँक पासबुक, तुझी पगाराची पावती, ९० लाख. काय दाखवशील? भांडुपवाल्यांचं लोन त्यांच्या नावाने मंजूर आहे, तुझ्या नावाने नाही. म्हणजे तू जो हक्क आठ लाखांना विकू पाहतोस तो बजावायची वेळ आली तर तुझ्या हातात टिकत नाही. ते कुटुंब आठ लाख मोजणार ते या कागदासाठी. हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

आता नोटरी. सही कोणी केली याची ती साक्ष, बस. दुय्यम निबंधकाकडे नोंद नाही, इंडेक्स टूमध्ये (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यात) तुझं नाव नाही. उद्या काकूंच्या मुलाने पुण्याहून एखादा घेणारा आणला, त्याला तुझ्या कराराची कल्पना नव्हती आणि त्याने पैसे देऊन रजिस्टर केलं, तर तुला इसार परत मागण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. आणि रोख एक लाख तर देऊच नकोस. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख इसार घेतला तर २०१५पासून आयकर कायद्यात घेणाऱ्यालाच तेवढ्याच रकमेचा दंड आहे. म्हणजे तुझ्या रोखीपायी दंड काकूंना लागेल. चेक किंवा एनईएफटी.

मग रजिस्टर करू, असं म्हणशील. इथे आकडे मांडते. महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५पासून, साठेखतात ताबा दिला किंवा पुढे द्यायचं कबूल केलं, तर मुद्रांकासाठी ते खरेदीखतच धरतात. फ्लॅटच्या करारात ताब्याचं कलम नाही असं मी क्वचितच पाहिलंय. मुंबईत मेट्रो अधिभार धरून सहा टक्के, तेही कराराची रक्कम आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांत जी जास्त तिच्यावर. ९० लाखांवर ५ लाख ४० हजार. नोंदणी फी ३०,०००. तुझ्या आठ लाखांतले ५ लाख ७० हजार तिथेच गेले. शिवाय भांडुपवाल्यांनी तुझ्याकडून घेतलं की त्यांना ९८ लाखांवर पुन्हा ५ लाख ८८ हजार भरायचेच आहेत, तुझं शुल्क त्यांच्या हिशोबात वजा होत नाही. अमेरिकेत दोन पानांत होणारं काम इथे दोनदा खरेदी केल्यासारखं पडतं. हे कोष्टक समोर ठेवलं की बहुतेक जण आडवाट धरतात.

आडवाट म्हणजे कुलमुखत्यारपत्र. काकूंकडून विकायचे सगळे अधिकार लिहून घ्यायचे, पूर्ण रकमेची पावती घ्यायची आणि पुढे आपणच सही करायची. २०११मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जुळणीने मालकी जात नाही. मोबदला घेऊन विकायचं मुखत्यारपत्र दिलं तर त्यालाही खरेदीखताइतकंच शुल्क लागतं. आणि काकूंचं वय बघ. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. म्हाडाच्या सोडतीतली घरं पाच वर्षांच्या आत विकता येत नाहीत, ती अशाच कागदांवर फिरतात. मग पुढे कुटुंबांचं आयुष्य त्या कागदांची जुळवाजुळव करण्यात जातं.

ऑफिसात एक गृहस्थ यायचे, त्यांची हकिगत सांगते. निवृत्त, कांजूरला स्वतःची जागा. एका ओळखीच्या मुलाने २५,००० टोकन देऊन पावतीवर सही घेतली, पावतीत भाव आणि मुदत. त्या मुलाने त्याच पावतीच्या झेरॉक्सवर तिघांकडून टोकन घेतलं. मुदत संपली, मुलगा फोन उचलेना. मग यांना तीन वेगवेगळ्या वकिलांच्या नोटिसा आल्या, एकाने दावा लावून लिस पेंडन्सची (जागेवर दावा चालू असल्याची) नोंदही केली. यांनी त्या तिघांचं तोंडही पाहिलं नव्हतं. जागा विकून पत्नीच्या उपचारांचा खर्च भागवायचा होता. दावा निघेपर्यंत एकही बँक त्या जागेवर कर्ज द्यायला तयार नव्हती, आणि कर्जाशिवाय घेणारं गिऱ्हाईक मुलुंड-कांजूरला कितीसं असतं? ते खुर्चीत बसून कागद पुन्हा पुन्हा वाचायचे आणि मला विचारायचे, यात मी नक्की कुठे विकलंय? तू तसं करणार नाहीस हे मला कळतंय. पण कागद तसाच ठेवलास तर तो कोणाच्या हातात काय होऊ शकतो, हे तुला माहीत असावं.

मग सरळ कसं करतात? आमच्याकडे नियमित होतं ते असं. पहिल्या टप्प्यात काकू आणि तू यांच्यात समजुतीचा साधा करार. ताब्याचं कलम नाही. इसार चेकने. मुदत लिहायची, आणि मुदत संपली तर इसार परत, दोन्ही बाजू मोकळ्या, हेही लिहायचं. त्यात मराठीत सरळ वाक्य घालायचं (लिहून घेणार म्हणजे तू, लिहून देणार म्हणजे काकू): ‘लिहून घेणार हे सदर सदनिकेसाठी अन्य खरेदीदार आणणार असून त्या खरेदीदाराकडून ९० लाखांवर मिळणारी रक्कम लिहून घेणार स्वतः घेतील, याची लिहून देणार यांना माहिती असून ती त्यांना मान्य आहे.’ हे वाक्य काकूंना मोठ्याने वाचून दाखव, मुलगा किंवा मुलगी फोनवर असताना. त्यांनी ९० ऐवजी ९३ मागितले तर ते त्यांचं घर आहे, मागू शकतात.

दुसऱ्या टप्प्यात एकच रजिस्टर करारनामा, तीन पक्षांचा. लिहून देणार काकू, लिहून घेणार भांडुपचं कुटुंब आणि तू ‘मान्यता देणार’. इंग्रजी मसुद्यात याला कन्फर्मिंग पार्टी म्हणतात. मोबदल्याचे दोन भाग वेगळे दाखवायचे, काकूंना किती आणि मान्यता देणाऱ्याला किती, चेक नंबरांसकट. तुझ्या पहिल्या करारातले सगळे हक्क तू सोडलेस, तेही त्यातच. मुद्रांक एकदाच, ९८वर. दोन भाग वेगळे दाखवले नाहीत तर आयकर खात्याच्या लेखी सगळे ९८ काकूंना मिळाले असं होईल आणि कर त्यांच्या माथी येईल. एवढ्या मोठ्या रकमेच्या दस्तांची माहिती निबंधक कार्यालयातून आयकराकडे जातेच. घेणाऱ्यांनी एक टक्का टीडीएस कापून भरायचा. तुझे आठ लाख हे तुझं उत्पन्न, विवरणपत्रात दाखवायचं.

फाइली तूच करतोस, त्यामुळे बँकेचं तुला माहीत असेल. मालक सोडून तिसऱ्याच्या नावे पैसे सोडायला बऱ्याच बँका नाखूश असतात. म्हणून तुझा भाग घेणाऱ्याच्या स्वतःच्या पैशातून यावा लागतो. भांडुपवाल्यांकडे तेवढी गंगाजळी आहे का, हे आधी विचार.

आणि एक. लालबागचे एजंट म्हणाले ती दोन टक्क्यांची दलाली मला या सौद्यात जास्त पटते. तू इथे कोणती जोखीम घेतोस? ९० लाख तुझे नाहीत, काकूंचं घर न विकता राहिलं तर तोटा त्यांचा. ज्या कामाचे आठ लाख घ्यायचे ते काम काय आहे, हे तुला दोन्ही घरांत बसून सांगता आलं पाहिजे.

जाता जाता एक विचारते. फ्लॅट नक्की कोणाच्या नावावर आहे? काकूंच्या की काकांच्या?

विक्रोळीकर

बांधकाम चालू असलेल्या इमारतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण मुंबईत ‘असाइनमेंट’ हा शब्द जास्त तिथेच ऐकू येतो. मी कांजूरला एका टॉवरमध्ये बुक केलं होतं आणि ताब्याआधी पुढे दिलं. बिल्डरच्या करारात कलम होतं की त्याच्या लेखी परवानगीशिवाय हस्तांतर नाही आणि परवानगीसाठी चौरस फुटाला ठरावीक रक्कम. बुकिंगच्या वेळी ते कोणी वाचत नाही. मला ती फी भरल्यावर हातात फारसं काही राहिलं नाही. ज्यांच्याकडे फक्त अलॉटमेंट लेटर (फ्लॅट दिल्याचं बिल्डरचं पत्र) आहे त्यांना तर बिल्डर आधी बुकिंग रद्द करून नव्याच्या नावे पत्र देतो म्हणतो. म्हणजे आपण पूर्णपणे त्याच्या मर्जीवर.

ताई, इन्व्हेस्टर म्हणून मुद्रांक वजा होतो म्हणतात ते याच प्रकारात ना?

सुलभाताई

हो, याच प्रकारात. बिल्डरकडून रजिस्टर करारनाम्याने घेतलेला फ्लॅट पुढे विकताना पहिलं भरलेलं शुल्क दुसऱ्या दस्तात वजा मिळतं. आधी ही मुदत एक वर्षाची होती, २०२२पासून तीन वर्षं झाली. पण पहिल्या करारनाम्यात तुम्ही गुंतवणूकदार आहात असा उल्लेख आणि त्या तरतुदीचा संदर्भ हवा. नंतर आठवून चालत नाही. रोहनच्या काकूंसारख्या जुन्या घराच्या विक्रीला याचा उपयोग नाही.

अलॉटमेंट लेटरवर मात्र फार मोठी रक्कम देऊ नका. रेरा कायद्याच्या कलम १३प्रमाणे किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची तर बिल्डरला आधी करारनामा रजिस्टर करावा लागतो. कोणी पत्रावर तीस टक्के भरलेलं बुकिंग तुम्हाला ‘असाइन’ करत असेल, तर आधी त्याचा करारनामा का झाला नाही ते विचारा. रेरा कायद्यातल्या ‘अलॉटी’च्या व्याख्येत मागाहून विक्रीने किंवा हस्तांतराने घेणाराही येतो. कागद नीट असेल तर उशिरा ताब्याची तक्रार तुम्हीही करू शकता.

रोहन_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. सुलभाताई, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं, आणि आम्ही दोघं काकूंकडे गेलो. ९८चा आकडा सांगितला. भांडुपचं कुटुंब कोण आहे, मुलीची शाळा कुठली, तेही सांगितलं. काकू म्हणाल्या, दोन्हीकडून दलाली घे, मला ते समजतं, मधलं काही नको. त्यांनी मुलालाही माझ्यासमोर फोन लावला. मला ते बरं वाटलं. मी दलालीनेच करतोय. अनघाताई, व्हिडिओ बहुतेक २०१८-१९चे आहेत, तारखा बघितल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: १९८३चा बिल्डरचा करार काकांच्या नावावर आहे. काका २०१६ला गेले. नॉमिनेशन काकूंचं होतं, त्यावरून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट काकूंच्या नावावर केलंय. म्हणजे काकू मालक, एवढं पुरेसं आहे ना? भांडुपवाले टोकन द्यायला तयार आहेत, या रविवारी बसायचं म्हणतात.

सुलभाताई

पुरेसं नाही, आणि म्हणूनच विचारलं होतं. रविवारचं पुढे ढकल.

नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा ते नाव. मालकी वारसांची. इंद्राणी वाही यांच्या २०१६च्या निकालाचा दाखला देऊन लोक ‘नॉमिनीच मालक’ म्हणतात, पण त्याच निकालात वारसांना आपला हक्क स्वतंत्रपणे मागायची मुभा ठेवली आहे. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ला घातलेल्या तरतुदींनी तर नॉमिनीला तात्पुरता सभासदच म्हटलंय. काकांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि त्यांची आई त्यांच्या आधी गेली असेल, तर काकू, मुलगा आणि मुलगी यांचा एकेक तृतीयांश. काकूंनी एकट्याने सही केली तर भांडुपच्या कुटुंबाला ९८ लाखांत एक तृतीयांश घर मिळेल, आणि बँकेचा वकील फाइल तिथेच अडवेल. मृत्युपत्र आहे का, हे काकूंना नक्की विचार. जुन्या माणसांनी कधीतरी कपाटात ठेवलेलं असतं.

नसेल तर मुलगा आणि मुलगी दोघांनी काकूंच्या नावे हक्कसोड पत्र करायचं, मोबदला न घेता, आणि ते रजिस्टर करायचं. नोटरी नको. जवळच्या नात्यात असं पत्र केलं तर मुद्रांक नाममात्र असतो. काकांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, १९८३च्या कराराची मूळ प्रत, शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशनची सोसायटीतली नोंद एवढं जमव. मूळ प्रत सापडत नसेल तर आत्ताच सांग, त्याची पोलीस तक्रार आणि वर्तमानपत्रातली नोटीस यात वेळ जातो. दोघांना नाही म्हणायचं असेल किंवा आपला वाटा हवा असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. तेव्हा हक्कसोड न करता तिघांनी लिहून देणार म्हणून सही करायची आणि पैसे तीन खात्यांत.

बडोद्याच्या ताईंना यायला जमत नसेल तर त्या तिथल्या दुय्यम निबंधकासमोर या एकाच कामापुरतं विशेष मुखत्यारपत्र भावाच्या नावे करू शकतात. मजकुरात फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव आणि ‘आईच्या नावे हक्कसोड पत्र करून नोंदवण्यापुरतं’ असं स्पष्ट हवं. मोघम मजकूर इथला निबंधक परत पाठवतो.

भांडुपच्या कुटुंबाला हे सगळं आजच कळव, म्हणजे ते दुसरीकडे टोकन देऊन बसणार नाहीत. दोन्ही हक्कसोड पत्रांचे दस्त क्रमांक हातात आले की करारनाम्याचा मसुदा काढू. काकूंना सोमवार ते शुक्रवार कधीही ऑफिसात घेऊन ये, आमचं ऑफिस तळमजल्यावर आहे.